ग्लायकोप्रथिनावरच्या शर्करा कातरल्या जातात, तेव्हा घडीची पारख नेमके कोण करते?

रेणुवेध

पेशीतील प्रथिनांच्या घडणीविषयी बोलताना एक विधान फार सहजपणे केले जाते, ते असे की कॅल्नेक्सिन हे पेशीतील मदतनीस प्रथिन चुकीची घडी बसलेले प्रथिन ओळखते आणि सुधारेपर्यंत त्याला धरून ठेवते. धरून ठेवण्याचा भाग खरा आहे. ओळखण्याचे श्रेय मात्र कॅल्नेक्सिनकडे जात नाही, आणि ते त्याला दिले की शर्करा कातरणाऱ्या विकरांची सगळी खटपट वाचणाऱ्याला निरर्थक वाटू लागते. यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

पेशीबाहेर जाणारी किंवा पटलात बसणारी बहुतेक प्रथिने रायबोसोमवर तयार होत असतानाच आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत शिरू लागतात. त्यांच्या साखळीत ॲस्परजिन, त्यानंतर प्रोलिन सोडून कोणतेही अमिनो आम्ल आणि मग सेरिन किंवा थ्रिओनिन असा क्रम आला, की ऑलिगोसॅकरिलट्रान्सफरेज हे विकर बहुधा त्या ॲस्परजिनवर शर्करांचा एक तयार झुपका एकदमच बसवते. असा झुपका असलेले प्रथिन म्हणजे ग्लायकोप्रथिन. हा झुपका आधी डॉलिकॉल नावाच्या लांबलचक स्निग्ध रेणूवर रचलेला असतो. त्यात एकूण १४ शर्करा असतात: बुडाशी २ एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, त्यांवर ३ फांद्यांत विभागलेले ९ मॅनोज, आणि पहिल्या फांदीच्या टोकाला एकापुढे एक असे ३ ग्लुकोज. पुढील चर्चेच्या सोयीसाठी या फांद्यांना अ, ब आणि क म्हणू.

झुपका बसताक्षणी कातरणी सुरू होते. ग्लुकोसायडेज-१ सर्वांत बाहेरचे ग्लुकोज काढते. प्रथिनाची साखळी पुरती तयारही झालेली नसते, तेव्हाच हे काम उरकलेले असते. त्यानंतर ग्लुकोसायडेज-२ दुसरे ग्लुकोज काढते आणि अ फांदीवर एकच ग्लुकोज उरते. नेमके हे एकच ग्लुकोज कॅल्नेक्सिन आणि कॅलरेटिक्युलिन यांना ओळखता येते. कॅल्नेक्सिन पटलात रोवलेले असते, कॅलरेटिक्युलिन पोकळीत मोकळे फिरते. दोघांचीही पकड त्या एका ग्लुकोजवर आणि त्याच्या लगतच्या मॅनोजांवर बसते. सोबत ईआरपी५७ हे विकर असते, जे प्रथिनातील गंधकाचे बंध जुळवण्यास व चुकलेले बंध बदलण्यास मदत करते.

यानंतर तेच ग्लुकोसायडेज-२ उरलेले शेवटचे ग्लुकोजही काढून टाकते, त्यामुळे कॅल्नेक्सिनला पुन्हा पकड घेता येत नाही. येथवर घडीची पारख कोणीही केलेली नाही. ग्लुकोसायडेज-२ समोर आलेले ग्लुकोज कापते, कॅल्नेक्सिन समोर आलेले ग्लुकोज धरते, आणि खाली जोडलेल्या प्रथिनाची घडी नीट बसली आहे की नाही, याची दोघांनाही फिकीर नसते.

पारख होते ती यानंतर. यूडीपी-ग्लुकोज या ग्लुकोज वाहून आणणाऱ्या रेणूपासून ग्लुकोज घेऊन ते ग्लायकोप्रथिनावर चढवणारे एक विकर आहे, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून यूजीजीटी म्हणतात. सुटून आलेल्या प्रथिनाची घडी अर्धवट असेल, आत दडायला हवी ती जलद्वेषी अमिनो आम्ले बाहेर उघडी पडलेली असतील, तर हे विकर ते ताडते आणि ज्या जागेवरून ग्लुकोज उतरवले गेले होते, अगदी त्याच जागी एक ग्लुकोज पुन्हा चढवते. मग कॅल्नेक्सिन त्या प्रथिनाला पुन्हा धरते, ग्लुकोसायडेज-२ पुन्हा सोडवते, आणि हे फेरे चालू राहतात. घडी नीट बसली, की यूजीजीटी त्याच्याकडे दुर्लक्ष करते आणि प्रथिन गॉल्जी पिंडाच्या वाटेला लागते.

माझ्या मते या साऱ्या यंत्रणेचे सौंदर्य या श्रमविभागणीत आहे. शोधण्याचे, सांभाळण्याचे आणि सोडण्याचे काम तीन वेगवेगळ्या रेणूंकडे आहे, आणि त्यांच्यातला निरोप फक्त एका ग्लुकोजच्या असण्या-नसण्यातून जातो.

जीवशास्त्र_शिक्षिका

विवेचन आवडले. मी हा भाग शिकवते आणि दरवर्षी एक प्रश्न हमखास समोर येतो. जे ग्लुकोज लगेच कापायचेच आहेत, ते पेशी मुळात चढवते कशासाठी? तीनऐवजी एकच ग्लुकोज लावून दिले असते, तर कॅल्नेक्सिनचे काम भागले नसते का? "उत्क्रांतीत तसे घडले" असे उत्तर द्यायला माझे मन घेत नाही.

रेणुवेध

प्रश्न रास्त आहे, आणि याचे एक उत्तर बरेच समाधानकारक आहे. डॉलिकॉलवर झुपका रचताना तीन ग्लुकोज सगळ्यात शेवटी, एकेक करून बसतात. ऑलिगोसॅकरिलट्रान्सफरेजला हे पूर्ण झालेले, तीन ग्लुकोजांचे झुपके विशेष पसंत असतात. अर्धवट झुपका ते फार अनिच्छेने उचलते. त्यामुळे तीन ग्लुकोज ही झुपका पुरा झाल्याची खूण ठरते. ज्यांच्या पेशींत हे ग्लुकोज चढवणारी विकरे बिघडलेली असतात, त्यांच्या प्रथिनांवर काही जागा रिकाम्याच राहतात, यावरूनही ते दिसते.

एकदा झुपका प्रथिनावर बसला, की त्या खुणेचे प्रयोजन संपते. मग तीच फांदी दुसऱ्या कामाला लावली जाते. पहिले ग्लुकोज काढल्यावर झुपका ऑलिगोसॅकरिलट्रान्सफरेजकडे परत वळत नाही. दुसरे काढल्यावर कॅल्नेक्सिनला पकड मिळते. तिसरे काढल्यावर ती सुटते. दोन ग्लुकोज असलेल्या मधल्या अवस्थेलाही मॅलेक्टिन नावाचे एक प्रथिन ओळखते, म्हणजे वाटेतला एकही टप्पा बेवारस नाही. आपण विद्यार्थ्यांना तीन ग्लुकोज म्हणजे तीन निरोप असे सांगितलेत, तर ते वस्तुस्थितीपासून फार दूर जाणार नाही.

प्रयोगपीठ

मी या विषयावर काही वर्षे प्रत्यक्ष प्रयोग केले आहेत, त्यांपैकी एक अनुभव येथे मांडतो, कारण सुटका आणि पकड या दोन्ही गोष्टी एकाच विकराच्या हाती असल्याचे मला त्यातूनच खऱ्या अर्थाने उमगले.

कॅस्टॅनोस्पर्मिन हे वनस्पतीतून मिळणारे एक अल्कलॉइड आहे, आणि ते दोन्ही ग्लुकोसायडेजांना रोखते. आम्ही इन्फ्लुएंझा विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाची घडण पाहत होतो. पेशींना काही मिनिटे किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल द्यायचे, मग साधे मेथिओनिन घालून तो पुरवठा झाकून टाकायचा, आणि ठरावीक वेळाने पेशी फोडून प्रथिन जेलवर, म्हणजे रेणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या थरात, चालवायचे, अशी पद्धत होती. आम्ही वापरत होतो त्या प्रकारच्या हिमॅग्लुटिनिनवर ७ झुपके असतात. कॅस्टॅनोस्पर्मिन आधीपासून दिले, तर प्रत्येक झुपक्यावर तीनही ग्लुकोज राहतात, म्हणजे एकूण २१. प्रत्येकाचे सुमारे १६२ डाल्टन धरले, तर रेणू जवळजवळ ३,४०० डाल्टनांनी जड होतो, आणि जेलवरचा पट्टा शेजारच्या नेहमीच्या पट्ट्यापेक्षा किंचित वर थांबतो. चित्रपट्टी प्रकाशाकडे धरून पाहिली, की ती पायरी डोळ्यांना स्पष्ट दिसते. एवढ्या ग्लुकोजांच्या ओझ्यामुळे कॅल्नेक्सिनला पकड मिळतच नाही, म्हणून कॅल्नेक्सिनविरोधी प्रतिपिंडाने खेचलेल्या नमुन्यात हिमॅग्लुटिनिन सापडत नाही.

एकदा माझ्याकडून कॅस्टॅनोस्पर्मिन उशिरा घातले गेले, मेथिओनिन देऊन झाल्यानंतर. मला वाटले, परिणाम थोडा कमी दिसेल, एवढेच. प्रत्यक्षात तो नेमका उलटा निघाला: प्रतिपिंडाने खेचलेल्या नमुन्यात हिमॅग्लुटिनिन भरपूर होते आणि ते तेथून हलायला तयार नव्हते. नमुने अदलाबदल झाले असावेत, असे समजून मी सगळा प्रयोग पुन्हा केला आणि पुन्हा तेच मिळाले. मग लक्षात आले की तोवर दोन ग्लुकोज कापले गेले होते, प्रथिन कॅल्नेक्सिनच्या हाती आले होते, आणि शेवटचे ग्लुकोज कापणारे विकर मी स्वतःच बंद केले होते. आधी दिले तर पकड बसत नाही, नंतर दिले तर पकड सुटत नाही. हे निरीक्षण नवे नव्हते, १९९० च्या दशकातच ते इतरांनी नोंदवलेले होते. पण वाचलेले आणि आपल्या हातून घडलेले यांत फार अंतर असते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कॅल्नेक्सिनची पकड टाळली, तर हिमॅग्लुटिनिनची घडी हळू नव्हे, लवकर बसते. पण नीट घडलेल्या रेणूंचे प्रमाण घटते आणि अधिक रेणू नष्ट होतात. म्हणजे कॅल्नेक्सिन हे घडणीचा वेग वाढवत नाही. ते तिला आवर घालते, आणि त्या आवरण्यामुळेच अधिक रेणू धड निघतात.

अणुरेणू

प्रयोगपीठ यांचा अनुभव वाचून आनंद झाला. या शोधाचा इतिहास मला फार ओढ लावणारा वाटतो, म्हणून थोडे त्याविषयी लिहितो.

अर्जेंटिनामध्ये लुईस लेलोअर यांना शर्करा-न्यूक्लिओटाइडांवरील कामासाठी १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यूडीपी-ग्लुकोज हा त्या कामाचाच भाग. त्यांच्याबरोबर काम केलेले आर्मांदो पारोदी पुढे ट्रिपॅनोसोमांकडे वळले. या एकपेशीय परजीवींची खासियत अशी की ते प्रथिनावर जो झुपका चढवतात, त्यावर ग्लुकोज नसतेच. तरीही ट्रिपॅनोसोमाच्या नव्याने तयार झालेल्या प्रथिनांवर थोड्या काळापुरते एक ग्लुकोज दिसत असे. जे मुळात लावलेच नव्हते, ते आले कोठून? याचा अर्थ एकच होता, की प्रथिनावर झुपका बसल्यानंतर कोणीतरी त्यावर ग्लुकोज चढवत आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हे लक्षात येणे फार अवघड गेले असते, कारण तेथे झुपक्यावर आधीपासूनच ग्लुकोज असते. मूळचे कोणते आणि नंतर चढवलेले कोणते, हे सहजासहजी वेगळे करता येत नाही.

पुढे १९९४ मध्ये ॲरी हेलेनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोज उतरवणे, कॅल्नेक्सिनची पकड आणि ग्लुकोज परत चढवणे हे सगळे एकत्र जोडून जो फेरा मांडला, तोच आज कॅल्नेक्सिन-चक्र म्हणून शिकवला जातो. एका परजीवीच्या चमत्कारिक सवयीतून सर्वांच्या पेशींतली पारख उलगडावी, ही गोष्ट मला विज्ञानातल्या अत्यंत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

एक शंका मात्र आहे. काही प्रथिनांची घडी कधीच बसणार नसते. मग ती या फेऱ्यात कायमची फिरत का राहत नाहीत?

रेणुवेध

या शंकेमुळे चर्चा कातरणीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे मॅनोजांकडे येते, आणि माझ्या दृष्टीने हा भाग ग्लुकोजांइतकाच किंवा त्याहूनही अधिक रोचक आहे.

यूजीजीटीला फक्त घडी बसली आहे की नाही एवढेच कळते. हळू घडणारे आणि कधीच न घडणारे, या दोहोंत फरक करण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही, आणि दोन्ही त्याला सारखीच दिसतात. हा फरक करायला पेशीजवळ एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. मॅनोज काढणारी विकरे आंतर्द्रव्यजालिकेत फार संथपणे काम करतात. लवकर घडलेले प्रथिन ती पोहोचण्याआधीच निघून जाते, आणि जे रेंगाळते, त्याचे मॅनोज एकेक करून झडू लागतात. किती मॅनोज उरले आहेत, यावरून ते प्रथिन किती काळ तेथे आहे, याचा हिशेब लागतो.

मॅनोज नेमके कोठून निघतात, यालाही अर्थ आहे. साधारणपणे पहिले मॅनोज ब फांदीच्या टोकाचे जाते. अ फांदीच्या टोकाचे मॅनोज गेले, की यूजीजीटीला ग्लुकोज चढवायला जागाच उरत नाही. कारण ते त्याच मॅनोजवर चढवले जाते. मग प्रथिन कॅल्नेक्सिन-चक्रातून कायमचे बाहेर पडते. आणि क फांदीच्या टोकाचे मॅनोज गेले, की त्याखाली दडलेले, वेगळ्या बंधाने जोडलेले एक मॅनोज उघडे पडते. ओएस-९ आणि एक्सटीपी३-बी ही प्रथिने त्या उघड्या मॅनोजला ओळखतात आणि त्या प्रथिनाला पटलातील एचआरडी१ या, प्रथिनावर नष्ट करण्याची खूण (युबिक्विटिन) लावणाऱ्या, युबिक्विटिन-लायगेज संकुलाकडे नेतात. तेथून पी९७ हे विकर एटीपी खर्चून त्याला पेशीद्रवात ओढून काढते आणि प्रोटिएझोम हे प्रथिने तोडणारे संकुल त्याचे तुकडे करते.

मात्र घड्याळाची ही उपमा मी एका मर्यादेपर्यंतच ताणेन. ईडीईएम गटातील ज्या विकरांकडे मॅनोज काढण्याचे काम आहे, त्यांपैकी काही गंधकबंधांशी खेळणाऱ्या प्रथिनांच्या जोडीने काम करतात. यीस्टमध्ये एचटीएम१ ची पीडीआय१ शी असलेली जोडी हे त्याचे उदाहरण. त्यामुळे बिघडलेल्या घडीच्या प्रथिनावर ती अधिक तत्परतेने चालतात, असे दिसते. म्हणजे येथे नुसती वेळ मोजली जात नाही, थोडी निवडही होते. किफुनेन्सिन देऊन मॅनोज काढणारी ही विकरे रोखली, तर अनेक बिघडलेली ग्लायकोप्रथिने नष्ट होण्याऐवजी आत साचून राहतात.

प्रयोगपीठ

एक छोटी भर. बेकरीच्या यीस्टमध्ये यूजीजीटीसारखे दिसणारे एक प्रथिन आहे, पण ते ग्लुकोज परत चढवण्याचे काम करत नाही. मॅनोजाधारित विल्हेवाट मात्र तेथे व्यवस्थित चालते. म्हणून आपण मॅनोजांविषयी जे लिहिलेत, त्यातला बराच भाग यीस्टमध्ये उलगडला, आणि फेऱ्याविषयीच्या प्रयोगांसाठी दुसऱ्या प्रकारचे, दुभागून वाढणारे यीस्ट वापरावे लागले.

बालरोग_अभ्यासक

आपण सर्वांनी यंत्रणा फार छान उलगडली आहे. ती बिघडली तर काय होते, याविषयी थोडे लिहितो, कारण माझा या विषयाशी संबंध तेथूनच आला.

ग्लुकोसायडेज-१ चे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेले असल्याचे पहिले बालक २००० मध्ये नोंदवले गेले. हा विकार अत्यंत विरळ व गंभीर आहे. २०१४ मध्ये अशाच दोन भावंडांविषयी जे प्रसिद्ध झाले, ते मी अनेकदा वाचले आहे. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण फार कमी होते, म्हणून विषाणूसंसर्ग वारंवार होतील अशी अपेक्षा होती. परंतु तसे घडले नाही. एचआयव्ही आणि इन्फ्लुएंझासारख्या, बाहेरून आवरण असलेल्या विषाणूंना त्यांच्या पेशींत नीट वाढता येत नव्हते, कारण या विषाणूंची आवरणावरची प्रथिने घडण्यासाठी आपल्याच पेशींच्या ग्लुकोसायडेजांवर अवलंबून असतात. जी उणीव त्या मुलांना इतके सोसायला लावत होती, तीच विषाणूंचीही वाट अडवत होती. याच कारणाने ग्लुकोसायडेज रोखणाऱ्या संयुगांचा विषाणूविरोधी औषधे म्हणून अभ्यास झाला, आणि कॅस्टॅनोस्पर्मिनपासून बनवलेले सेल्गोसिव्हिर डेंग्यूच्या रुग्णांवर तपासलेही गेले.

ग्लुकोसायडेज-२ चे दोन घटक असतात. त्यांपैकी एकाच्या जनुकातील दोषामुळे प्रौढ वयात यकृतात द्रवाने भरलेल्या गाठी वाढतात, हे २००३ मध्ये कळले. दुसऱ्या घटकातील दोषाचा मूत्रपिंडातील तशाच गाठींशी संबंध २०१६ मध्ये दिसून आला. विकर एकच, पण बिघाड प्रामुख्याने या विशिष्ट अवयवांत दिसतो, कारण गाठी रोखणारी पॉलिसिस्टिन ही पटलातील प्रथिने घडण्यासाठी त्याच्यावर विशेष अवलंबून असतात.

जीवशास्त्र_शिक्षिका

मनःपूर्वक आभार. माझा एक शेवटचा प्रश्न. बिघडलेले प्रथिन पेशीद्रवात ओढून काढले, की त्यावरच्या उरलेल्या शर्करांचे काय होते? त्या प्रोटिएझोममध्ये तशाच जातात का?

रेणुवेध

शर्करांचा मोठा झुपका प्रोटिएझोमच्या अरुंद वाटेत अडचणीचा ठरतो, म्हणून पेशीद्रवातील पीएनगेज हे विकर तो संपूर्ण झुपका मुळापासून वेगळा करते. हे विकर माणसात एनजीएलवाय१ या जनुकापासून बनते, आणि त्यातील दोषांमुळे होणारा बालकांचा एक विकार २०१२ मध्ये ओळखला गेला.

या कापण्याची एक विशेष खूण राहते. पीएनगेज जेथे कापते, तेथील ॲस्परजिनचे रूपांतर ॲस्पार्टिक आम्लात होते. जनुकात लिहिलेले अमिनो आम्ल एक, आणि प्रथिनात सापडणारे दुसरे. त्वचेला रंग देणाऱ्या टायरोसिनेज या ग्लायकोप्रथिनाचे उदाहरण घ्या. ते स्वतः कॅल्नेक्सिनच्या मदतीने घडते, आणि त्यातले जे रेणू घडत नाहीत, ते याच वाटेने नष्ट होतात. रंगपेशींच्या कर्करोगात टायरोसिनेजचा नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला सापडला, तेव्हा जनुकानुसार ज्या जागी ॲस्परजिन हवे होते, तेथे ॲस्पार्टिक आम्ल होते. रुग्णांच्या टी-पेशी ओळखत होत्या, तो हा बदललेला तुकडा.